विसरलेले उत्तर आणि अडलेले खाते



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की वेतन, बोनस आणि कायदा यांपलीकडे तो जाणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत जी माणसे येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांची तक्रार मालकाविरुद्ध नसते. "माझे खाते उघडत नाही," ही ती तक्रार असते. खाते बँकेचे असते, ई-मेलचे असते किंवा फोनचे असते. त्यात स्वतःचे पैसे, स्वतःचे कागद, मुलांची छायाचित्रे असतात. चोरी झालेली नसते. केवळ, दारावरच्या पहारेकऱ्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि घरमालकाला त्याचे उत्तर देता आलेले नसते. या प्रश्नालाच 'सुरक्षा-प्रश्न' म्हणतात. त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. मी या शास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मला जेवढे उमगले तेवढेच, उमगेल अशा भाषेत सांगतो.

खाते उघडताना आपण एक पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द ठरवतो. तो कधी तरी विसरणार, हे गृहीत धरून कित्येक संस्था त्याच वेळी आणखी दोन-तीन प्रश्न विचारून ठेवतात : आईचे माहेरचे आडनाव काय? जन्म कोणत्या शहरात झाला? पहिली शाळा कोणती? आवडता खाद्यपदार्थ कोणता? पुढे पासवर्ड विसरला की यंत्र हे प्रश्न पुन्हा विचारते आणि उत्तर जुळले तर दार उघडते. कल्पना अशी की, पासवर्ड हा बनवलेला शब्द असल्यामुळे तो विसरेल. पण स्वतःच्या आईचे माहेर कोण विसरेल?

ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे, आणि तिचा जन्म श्रमिकांच्याच गरजेतून झाला आहे. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे देश सोडून अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कमध्ये या मजूर, मोलकरीण आणि हमाल मंडळींच्या बचतीसाठी १८५० साली 'एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक' निघाली. पैसे काढायला आलेला मनुष्य तोच खातेदार आहे, हे ओळखायचे कसे? तेव्हा बँकेने कसोटीच्या वह्या ठेवल्या. खातेदाराचा धंदा, जन्मगाव, कोणत्या जहाजाने आला, आईबाप कोण, भावंडे किती, नवरा किंवा बायको कोण, हे सारे त्यांत लिहिलेले असे. त्या वह्या आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत आणि आपले पूर्वज शोधणारे लोक त्या चाळतात.

आता या जुन्या कसोटीत आणि आजच्या कसोटीत फरक कोठे आहे, ते पाहू. त्या वहीच्या मागे एक कारकून बसलेला होता. खातेदार जहाजाचे नाव विसरला, तर कारकून बहिणीचे नाव विचारू शकत होता. उच्चार वेगळा झाला तरी तो समजून घेऊ शकत होता. आजचे यंत्र नाव ऐकत नाही. ते अक्षरे जुळवते. त्यातही बऱ्याच ठिकाणी आपले उत्तर जसेच्या तसे साठवलेले नसते. गणिती रीतीने त्याचा असा चुरा केलेला असतो की, त्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही. नवे उत्तर दिले की त्याचाही चुरा करून दोन्ही चुरे ताडून पाहतात. चोराच्या दृष्टीने ही सोय चांगली. पण त्यामुळे "उत्तर जवळपास बरोबर आहे" असे यंत्राला म्हणताच येत नाही, आणि कंपनीचा नोकरही आपल्याला आपले उत्तर सांगू शकत नाही. थोडक्यात, सुरक्षा-प्रश्न तुमची ओळख तपासतो असे वाटते. वस्तुतः तो तपासतो एवढेच की, पूर्वी एके दिवशी तुम्ही कोणती अक्षरे टंकली होती, हे तुम्हाला आठवते की नाही.

आपल्या मराठी माणसाचे उत्तर नेमके येथेच अडते. उत्तर आठवत नाही असे नव्हे. त्याचे स्पेलिंग आठवत नाही. 'लक्ष्मी' हे नाव रोमन लिपीत कोणी एक्स घालून लिहितो, कोणी के-एस-एच जोडून. 'पाटील' मध्ये कोणी एक आय घालतो, कोणी दोन ई. पहिली शाळा जिल्हा परिषदेची. ती कोणी झेड. पी. म्हणून टिंबे देऊन लिहिली, कोणी टिंबांशिवाय, कोणी पूर्ण नाव लिहिले, तर कोणी नुसते गावाचे नाव घातले. जन्मशहराची तर गंमतच आहे. बॉम्बेचे मुंबई १९९५ साली झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली. सरकारी दप्तर बदलले, एस. टी. वरची पाटी बदलली; परंतु दहा वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्याला यांतले काहीच ठाऊक नाही. ते जुनेच नाव मागत बसते.

याहून मोठी अडचण आमच्या लोकांची आहे. खाते मुळात उघडले कोणी? कारखान्यातला मनुष्य सायबर कॅफेत गेला, किंवा पुतण्याला म्हणाला, "बाबा, तेवढे खाते काढून दे." पुतण्याने झरझर अर्ज भरला. आवडता शिक्षक कोण, हा प्रश्न आला. काका बाजूला चहा घेत होते. पुतण्याने स्वतःच्या शिक्षकाचे नाव टाकले. आता पाच वर्षांनी काका आपल्या बालपणातले सगळे गुरुजी आठवून थकले, तरी ते कुलूप कसे उघडावे?

येथवर दाराच्या आतल्या माणसाची अडचण झाली. पण हे कुलूप निदान चोराला तरी अडवते काय? त्याचे उत्तर निराशाजनक आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू कंपनीकडील ई-मेल खाते एका कॉलेज विद्यार्थ्याने उघडले. त्याने कोणतेही गहन तंत्र वापरले नाही. जन्मतारीख, टपाल विभागाचा क्रमांक आणि पतीची भेट कोठे झाली, एवढीच माहिती त्याला लागली, आणि ती इंटरनेटवर सार्वजनिकच होती. त्याला पुढे २०१० साली एक वर्ष आणि एक दिवस कैदेची शिक्षा झाली. तथापि कुलपाची अब्रू जायची ती गेलीच.

२०१५ साली गुगल कंपनीच्या संशोधकांनी कोट्यवधी प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत 'आवडता पदार्थ' या प्रश्नाचे उत्तर चोराला केवळ एका प्रयत्नात बरोबर देता येण्याची शक्यता सुमारे २० टक्के निघाली. कोरियन बोलणाऱ्यांचे जन्मशहर दहा प्रयत्नांत ओळखता येण्याची शक्यता ३९ टक्के निघाली, कारण मोठी शहरे थोडी आणि बहुतेक लोकसंख्या त्यांतच. उलट, अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या खातेदारांपैकी सुमारे ४० टक्क्यांना गरज पडली तेव्हा स्वतःचेच उत्तर देता आले नाही. म्हणजे चोराला सोपे आणि मालकाला अवघड असे हे कुलूप! काही जण हुशारीने खोटे उत्तर देतात. पण संशोधकांना आढळले की, खोटे बोलतानाही माणसे एकमेकांसारखीच खोटे बोलतात, त्यामुळे ते ओळखणे उलट सोपे होते.

आपल्याकडे हे प्रश्न अधिकच पोकळ ठरतात. आईच्या माहेरचे आडनाव गुप्त कसे राहील? आपल्या लग्नपत्रिकेत मामांची नावे ठळक छापलेली असतात आणि ती पत्रिका हौसेने चारशे घरी वाटलेली असते. 'वडिलांचे मधले नाव' हा प्रश्न परदेशात शोभत असेल; आपल्याकडे ते आजोबांचे नाव, आणि मतदारयादीत वडिलांच्या नावाखाली ते छापलेलेच आहे. शिवाय, सर्वांत मोठा धोका परका चोर नसून ओळखीचा माणूस असू शकतो. नवऱ्याशी तंटा होऊन माहेरी आलेल्या बाईचा विचार करा. तिचे जन्मगाव, तिची शाळा, तिच्या आईचे माहेर, यांतले नवऱ्याला काय ठाऊक नाही? तिच्या पगाराच्या खात्यावर असले प्रश्न म्हणजे कुलूप नव्हे, नुसती कडी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याहू कंपनीकडून २०१३ साली झालेली माहितीची चोरी पुढे उघडकीस आली, आणि २०१७ साली कंपनीने कबूल केले की, तेव्हाच्या सर्व, म्हणजे तीन अब्ज खात्यांना तिची झळ लागली होती. चोरीस गेलेल्या मालात काहींचे सुरक्षा-प्रश्न आणि उत्तरेही होती. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. आईचे माहेर कसे बदलावे? त्याच २०१७ साली अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने आपल्या नियमावलीत असल्या प्रश्नांना ओळख पटवण्याचे साधन म्हणून स्थान ठेवले नाही. तरीही जुन्या खात्यांवर ते अजून लटकलेले आहेत, आणि ज्यांचे खाते जुने त्यांनाच ते आडवे येतात.

आता व्यवहाराकडे वळू. उत्तर आठवत नाही, करावे काय?

पहिली गोष्ट, हात आवरावा. घाईघाईने दहा उत्तरे टंकू नयेत. पुष्कळ ठिकाणी काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही तासांपुरते बंद करतात. त्यानंतर बरोबर उत्तरही कामाचे राहत नाही. अशा वेळी उद्यापर्यंत थांबणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट, ते खाते दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा घरच्या संगणकावर अजून उघडे आहे काय, ते पाहावे. उघडे असेल तर तेथून बाहेर पडू नये. आत असतानाच मोबाइल क्रमांक आणि दुसरा ई-मेल तपासावा, आणि पासवर्ड माहीत असेल तर तेथूनच प्रश्न बदलून घ्यावेत.

तिसरी गोष्ट, कागद आणि पेन्सिल घ्यावी. खाते कोणत्या साली उघडले, तेव्हा आपण कोठे राहत होतो, अर्ज कोणी भरला, हे लिहावे. त्या माणसालाच फोन करून विचारावे. मग उत्तराची संभाव्य रूपे ओळीने मांडावीत : जुने नाव, नवे नाव, पूर्ण नाव, आद्याक्षरे, शब्दांमध्ये जागा सोडून, जागा न सोडता, पहिले अक्षर मोठे, सर्व अक्षरे लहान. जे रूप सर्वांत संभवनीय ते आधी. जे वापरून पाहिले त्यावर काट मारावी. आमचा अनुभव असा की, डोक्याने आठवण्यापेक्षा कागदाने आठवलेले अधिक सापडते.

चौथी गोष्ट, दुसरे दार शोधावे. आज बहुतेक खात्यांना प्रश्नांखेरीज इतर वाटा असतात : नोंदवलेल्या मोबाइलवर येणारे अंक, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, किंवा दुसऱ्या ई-मेलवर येणारा दुवा. अ‍ॅपल कंपनीच्या खात्याचे उदाहरण घ्या. पासवर्डनंतर आपल्या विश्वासातल्या फोनवर अंक येण्याची व्यवस्था ज्या खात्याला लावलेली आहे, त्याला सुरक्षा-प्रश्न विचारले जात नाहीत. ज्या जुन्या खात्याला ती नाही, तेथे कंपनीच्या संकेतस्थळावर प्रश्न नव्याने ठरवण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी पासवर्ड ठाऊक असावा लागतो आणि नोंदवलेल्या ई-मेलसारखे आणखी एखादे साधन हाताशी लागते. गुगलच्या बाबतीत, नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून प्रयत्न केल्यास यश येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून गावाला गेल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून ही खटपट करू नये.

पाचवी गोष्ट, खाते बँकेचे असेल तर सरळ शाखेत जावे. ओळखपत्र आणि पासबुक न्यावे, अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोचेशिवाय अर्ज म्हणजे वाऱ्यावर बोलणे, हे युनियनच्या माणसाला वेगळे सांगायला नको. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला फी पडत नाही.

सहावी गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगतो, कारण तेथेच माणसे खरी नागवली जातात. खाते अडले की घाबरलेला मनुष्य इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो. तेथे ठगांनी आपले क्रमांक टाकून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड बोलतो, "काका, आत्ता उघडून देतो," म्हणतो, आणि ओटीपी विचारतो किंवा फोनमध्ये एखादे अ‍ॅप घालायला सांगतो. विसरलेल्या उत्तराने दार बंद झाले होते. या एका फोनने घर धुऊन निघते. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. ओटीपी मागणारा मनुष्य कोणत्याही संस्थेचे नाव सांगो, तो ठग समजावा. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतात, म्हणून येथे तासांना किंमत आहे.

खाते एकदा उघडले की हुश्श करून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी पुढची व्यवस्था करावी. जेथे प्रश्न ठेवणे भागच आहे, तेथे खरे उत्तर देऊ नये. यंत्राला सत्याशी कर्तव्य नाही. त्याला तीच अक्षरे पाहिजेत. तेव्हा उत्तर हाही दुसरा पासवर्डच समजावा. 'जन्म कोठे झाला?' या प्रश्नाला दोन-तीन असंबद्ध शब्द एकत्र करून उत्तर द्यावे, प्रत्येक खात्याला निराळे, आणि प्रश्नासकट एका वहीत लिहून ठेवावे. लिहिलेले कोणी वाचले तर, अशी शंका येईल. परंतु दूर देशी बसलेला चोर आपल्या ट्रंकेतली वही वाचू शकत नाही. ज्या घरात घरच्याच माणसाचे भय आहे, तेथे ती वही कुलपात किंवा विश्वासू बहिणीकडे ठेवावी. रेशनकार्ड आणि जन्मदाखला जपतो, तशीच ती जपावी.

सर्वांत महत्त्वाचा मोबाइल क्रमांक. आज साऱ्या चाव्या त्या एका खिळ्याला टांगलेल्या आहेत. भविष्य निर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येक कामगाराला एक कायमचा क्रमांक मिळतो. त्या खात्याचा पासवर्ड विसरला तरी नोंदलेल्या मोबाइलवरच ओटीपी येतो. आणि आमचा कंत्राटी कामगार काय करतो? स्वस्त योजना दिसली की सिमकार्ड बदलतो. प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो परक्या माणसाला मिळू शकतो. मग त्याच्या पीएफचे अंक त्या परक्याच्या फोनवर वाजतात. यास्तव, नवा क्रमांक घेताना जुना सोडण्यापूर्वी आधार, बँक, पीएफ आणि ई-मेल या चारही ठिकाणी बदल करून घ्यावा. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहे. ती वापरली तर ही यातायातच टळते.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, चूक विसरणाऱ्याचीच, तेव्हा भोगावे त्यानेच. हा युक्तिवाद मला मान्य नाही. विसरणे हा मनुष्याचा धर्म आहे. वय वाढते, आजार येतो, घरात मृत्यू होतो, माणूस गाव सोडतो. स्मृती या साऱ्यांतून जाते. जी व्यवस्था विसरणाऱ्या माणसाला गृहीत धरत नाही, ती माणसांसाठी केलेलीच नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मजुरांच्या बँकेने वहीच्या मागे कारकून बसवला होता. आज ज्या संस्था आपले पैसे, आपली पत्रे आणि आपले कागद सांभाळतात, त्यांनी यंत्रे जरूर ठेवावीत. पण यंत्राने "नाही" म्हटल्यावर जाण्यासाठी एक खिडकी, त्या खिडकीत एक माणूस, आणि त्याने सहीनिशी दिलेली पोच, एवढे तरी ठेवलेच पाहिजे. कष्टाने कमावलेल्या वस्तूवरचा आपला हक्क एखाद्या अक्षराच्या चुकीवर अवलंबून राहता कामा नये. ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे; आणि हक्काच्या मागण्या एकट्याने कुरकुरून मिळत नाहीत, दहा जणांनी मिळून लेखी मागितल्या म्हणजे मिळतात.